सगुणाच्या गोळ्या

सगळे जेवायला बसले होते. आईनं पाहुणीच्या ताटात तिसरी पोळी वाढली, तेवढ्यात पाहुणीनं जीन्सच्या खिशातून एक पट्टी काढली, गोळी तोंडात टाकली आणि वर घोटभर पाणी प्यायली.

बाबांचं मिरजेत औषधांचं दुकान. परक्याच्या हातात गोळी दिसली की त्यांना गाववाला भेटल्यासारखं व्हायचं. त्यांनी मोठ्या कौतुकानं इंग्रजीत विचारलं, व्हिटॅमिनची का?

"नाही, डिप्रेशनची," सिग्ने म्हणाली. "चौदाव्या वर्षापासून घेते. ही भाजी कसली आहे? छान झालीय."

भाजी दोडक्याची होती, पण ते सांगायच्या स्थितीत कुणी नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला. आईला इंग्रजी येत नव्हतं, तरी एक शब्द तिनं बरोबर पकडला होता. तिनं मला विचारलं, "काय म्हणतीय गं ती?" मी सांगितलं. आईचे डोळे भरून आले आणि तिनं सिग्नेच्या ताटात चौथी पोळी टाकली. कुठल्याही दुःखावर आमच्या घरातला पहिला उपाय तो होता.

या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. बाबांच्या क्लबाची तेव्हा एक योजना होती. इकडचं एक पोर वर्षभर परदेशात राहायचं आणि तिकडचं एक पोर इकडे. त्यात माझा चुलतभाऊ डेन्मार्कला गेला आणि बदल्यात डेन्मार्कहून सिग्ने आली. नियमानं ती त्याच्या घरी, म्हणजे समोरच्या घरात सुलभाकाकूकडे उतरायची. पण ऐन वेळी काकूच्या घरात रंगकाम निघालं आणि ते वर्षभर चाललं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं आई पुटपुटली आणि माझ्या खोलीत दुसरी गादी पडली. ‘सिग्ने’ हे नाव काही आईच्या जिभेला झेपेना. दुसऱ्या दिवसापासून ती सगुणा झाली.

सगुणाला डिप्रेशन आहे ही बातमी आठवडाभरात गल्लीत पसरली. बायका बघायला येऊ लागल्या. येताना कुणी चकल्या आणल्या, कुणी कडबोळी. सगुणा त्यांना हसून नमस्कार करायची आणि खायची. त्यामुळे बायकांचा थोडा विरस व्हायचा, कारण आजारी माणसानं निदान पडून तरी राहावं अशी त्यांची माफक अपेक्षा होती. सुलभाकाकू तर रोज यायच्या. त्यांचं निदान पक्कं होतं. तिकडे घरं मोडतात, पोरांना कुणी विचारत नाही, पोरं सोळाव्या वर्षी भाड्याच्या खोलीत राहतात, मग दुसरं काय होणार.

बाबांनीही मान डोलावली. म्हणाले, आपल्याकडे हे नसतं, आपल्याकडे घरात माणसं असतात. असं बोलून ते दुकानात गेले आणि सगुणा घ्यायची तसल्याच गोळ्या दिवसभर मिरजेच्या माणसांना खाकी पाकिटात घालून देत बसले. या गोळ्या ते कधीही उघड्या देत नसत. पाकीट दोनदा दुमडायचे, वरून स्टेपलर मारायचे आणि गिऱ्हाइकाकडे न बघता काउंटरवरून पुढे सरकवायचे. तेवढा त्यांचा सभ्यपणा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे दुकानाच्या वेळेत सुद्धा असायचा.

आता माझं सांगते. मी अकरावी सायन्सला होते आणि सगुणा यायच्या आधीपासूनच माझं काहीतरी बिनसलं होतं. पहाटे जाग यायची ती यायचीच. पुस्तक उघडलं की ओळी दिसायच्या, पण आत काही शिरायचं नाही. जेवण तोंडात फिरत राहायचं. न्हाणीघरात नळ सोडून मी रडायचे, आणि का रडतेय ते मलाही सांगता आलं नसतं. एकदा धीर करून आईला म्हटलं होतं, आई, मला कशातच बरं वाटत नाही गं. आईनं ते अजिबात हलक्यात घेतलं नाही. तिनं त्याच संध्याकाळी मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली. मग डोक्याला ब्राह्मीचं तेल, मग पोट साफ होत नसेल म्हणून चूर्ण, मग रोज भिजवलेले बदाम. एवढं करूनही मी हसेना, तेव्हा तिला राग आला. सुख टोचतंय तुला, म्हणाली. बाबा म्हणाले, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. सुलभाकाकू म्हणाल्या, वय आहे, लक्ष ठेव. मग माझा मोबाइल तपासला गेला. त्यात कुणी पोरगा सापडला नाही म्हणून सगळे जरा नाराजच झाले, कारण पोरगा असता तर निदान इलाज माहीत होता.

तेव्हापासून मी काही बोलले नाही. आणि आता माझ्याच खोलीत, माझ्याच आईकडून, डेन्मार्कची एक गुटगुटीत मुलगी नुसतं आजाराचं नाव सांगून केसांत तेल घालून घेत होती. झोपली का गं ती, जेवली का गं ती, उदास तर नाही ना दिसत. मला तिचा इतका हेवा वाटायचा की सांगून सोय नाही. मला गोळ्या नको होत्या. मला एवढंच हवं होतं की आईनं एकदा, नाटक न म्हणता, माझ्यावर विश्वास ठेवावा.

सगुणाला मात्र आमच्या घरातल्या कुणाच्याही आधी कळलं. एका दुपारी ती गादीवर मांडी घालून बसली आणि तिनं सरळ विचारलं, तू किती दिवस झोपली नाहीस? मी म्हटलं, आमच्याकडे हे नसतं.

"मग याला तुम्ही काय म्हणता?"

"अकरावी सायन्स," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिच्या शाळेत म्हणे दर बुधवारी एक बाई यायच्या आणि प्रत्येकाला मनाचा आकडा विचारायच्या, एक ते दहामध्ये. सगुणाचा दोन आला की त्या बाई तो लगेच संगणकात भरायच्या, डॉक्टरकडे पाठवायच्या, तिच्या आईला कळवायच्या. सगळं कसं चोख. मला ऐकून स्वर्गच वाटला. मी विचारलं, मग तुझ्याकडे कोण येऊन बसायचं? ती म्हणाली, बसायचं म्हणजे? तिच्या सगळ्या मैत्रिणींना तिचा आकडा माहीत होता. तिला त्रास होऊ नये, तिला तिची मोकळी जागा मिळावी, म्हणून कुणी घरी यायचं नाही. ती एकटी ब्रेड खायची आणि आई कामावरून मेसेज करून आजचा आकडा विचारायची. म्हणजे तिथं सगळ्यांना आजार ठाऊक होता पण माणसं येत नव्हती, आणि इथं गल्ली येऊन बसत होती पण भलतीच्या उशाशी. दोन्ही देश आपापल्या जागी थोरच होते.

माझ्या वतीनं बोलायचा सगुणानं प्रयत्नही केला. तिचं मराठी तेव्हा चार-पाच शब्दांचं होतं. ते सगळे एकत्र करून ती स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "राजी आजारी. राजी खूप आजारी." आईनं लगबगीनं हात पुसले, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप नाही गं बाई हिला." मग सगुणाच्याच गालावरून हात फिरवून मला म्हणाली, बघ, स्वतः एवढी आजारी असून दुसऱ्याची काळजी करतीय, नाहीतर तू.

थंडी सरली आणि सगुणाच्या गोळ्या संपत आल्या. घरून निघालेलं पार्सल कुठेतरी अडकलं. बाबांच्या दुकानात तशा गोळ्यांचे डबेच्या डबे होते, पण बाबा चिठ्ठीशिवाय गोळी देणाऱ्यांतले नव्हते. त्या बाबतीत ते सगळ्या मिरजेत नाव घेण्यासारखे होते. तेव्हा डॉक्टरकडे जाणं आलं. मिरजेत दर चार पावलांवर डॉक्टरची पाटी, पण तसल्या डॉक्टरकडे मिरजेत कोण जाणार? मिरजेची माणसं सांगलीला जातात. सांगलीची माणसं त्याच कामाला मिरजेला येतात. मध्ये वाटेत एकमेकांना ओलांडत असतील, पण ओळख दाखवत नाहीत.

आई, सगुणा आणि मी, दुभाषी म्हणून, सांगलीला गेलो. आईनं उन्हाचं निमित्त करून डोळे सोडून बाकी चेहऱ्याला ओढणी गुंडाळली होती. दवाखान्यात बघते तर निम्म्या बायकांना तेच ऊन लागलेलं. बाबांचे एक नेहमीचे गिऱ्हाईक कोपऱ्यात बसले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता सांगितलं की ते दातांसाठी आले आहेत. आईही म्हणाली, आम्हीपण. भिंतीवर मेंदूचं भलंमोठं चित्र होतं. त्याकडे बघत दोघं दातांबद्दल बोलत राहिले.

डॉक्टर माईणकर नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी आईला मराठीत बसा म्हटलं आणि सगुणाशी इंग्रजीत बोलायला लागल्या. झोप कशी आहे? सगुणा म्हणाली, उत्तम, इथं तर दुपारीसुद्धा झोप येते.

आईनं मला कोपर मारलं. "काय म्हणतीय?"

मी काही ठरवलं नव्हतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगते. तोंड उघडलं आणि जे आलं ते आलं.

"म्हणतीय, झोप लागत नाही," मी म्हटलं. "पहाटे जाग येते आणि मग छातीवर कुणी बसल्यासारखं होतं."

आईनं च्च केलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मराठी त्यांना येतं हे मला ठाऊक होतं, त्यांनी मघाशीच आईला बसा म्हटलं होतं. पण त्यांनी सरळ पुढचा प्रश्न विचारला, जेवण? सगुणा म्हणाली, वजन वाढलंय, राजीची आई फार वाढते. मी आईला सांगितलं, जेवण जात नाही, तोंडात माती असल्यासारखं वाटतं, पण आईला वाईट वाटू नये म्हणून गिळते.

सगुणाला एव्हाना बरंच मराठी कळू लागलं होतं. झोप कळत होतं, जेवण कळत होतं, आई तर कळतच होतं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. त्यानंतर डॉक्टरांनी जे विचारलं त्यावर तिनं काहीच उत्तर दिलं नाही, नुसते ओठ हलवले, आणि मी भाषांतर करत राहिले. डॉक्टरही आता प्रश्न तिला विचारत होत्या आणि बघत माझ्याकडे होत्या. सगळ्यात शेवटी त्यांनी हळू विचारलं, कधी असं वाटतं का, की आपण नसलो तर बरं?

"काय विचारलं?" आई म्हणाली.

"विचारलं, मरावंसं वाटतं का."

"मग? काय म्हणाली ती?"

"वाटतं, म्हणाली. रोज नाही. पण वाटतं. आणि कुणाला सांगितलं तर नाटकं करते म्हणतात, म्हणून सांगत नाही."

आईनं तोंडावरची ओढणी सोडली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिनं सगुणाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बाई गं, एवढं सगळं पोटात ठेवून हसत होतीस होय आमच्यात?" म्हणाली. "लेकराला नाटकं म्हणणारी माणसं तरी कसली? राजी, विचार तिला, तिच्या आईला ठाऊक आहे का हे?"

भाषांतर तिथं संपलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हिच्या आईला हिचं सगळं ठाऊक आहे," त्या मराठीत म्हणाल्या. "राजी, तुझ्या आईला ठाऊक आहे का?"

"आत्ता सांगितलं," मी म्हटलं.

आई हसायला गेली, काहीतरी चूक झालीय अशा समजुतीनं. मग तिनं डॉक्टरांकडे पाहिलं, सगुणाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे बघायच्या ऐवजी माझ्या चपलांकडे बघत राहिली. सगुणाचा हात तिच्या हातात तसाच होता. मला वाटलं, आता ही रागावणार, मुस्काटात देणार. पण ती एकदम लहान तोंड करून डॉक्टरांना म्हणाली, "मी दृष्ट काढली होती हो हिची. दोनदा काढली."

"त्यानं काही बिघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण तेवढ्यानं भागत नाही."

मग त्यांनी आईला आणि सगुणाला बाहेर बसवलं आणि माझ्याशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही, म्हणजे त्यात नवलाचं काही नव्हतं. त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांनी ते खरं मानलं. एवढ्यासाठी सांगलीला यावं लागलं.

निघताना दोन चिठ्ठ्या होत्या. रिक्षात आईनं माझा हात घट्ट धरला होता, इतका की बोटं दुखत होती. आता काही प्रेमाचं बोलेल म्हणून मी वाट बघत होते. सांगलीचा बाजार मागे पडला, विश्रामबाग गेलं, मिरज जवळ आलं, तेव्हा ती म्हणाली, "अक्कांना यातलं काही बोलू नकोस."

अक्का म्हणजे सुलभाकाकू. मी मान हलवली. सगुणानं विचारलं, अक्का काय? मी तिला इंग्रजीत सांगितलं. त्यावर ती खांदे उडवून म्हणाली की मग दोन्ही तिच्याच आहेत असं सांगा, तिची इथं कुठं सोयरीक जमायचीय. मी ते आईला सांगितलं, या वेळी शब्दाला शब्द. आईनं सगुणाच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. विषय मिटला.

बाबांना मात्र सांगावं लागलं, कारण गोळ्या त्यांच्याच दुकानातून यायच्या होत्या. मी स्वतः चिठ्ठी घेऊन गेले. त्यांनी ती वाचली. नाव वाचलं, वय वाचलं. मागे वळून फळीवरची पट्टी काढली, खाकी पाकिटात घातली, पाकीट दोनदा दुमडलं, स्टेपलर मारला आणि काउंटरवरून पुढे सरकवलं. माझ्याकडे बघितलं नाही. ते रागावले असते तरी चाललं असतं. त्या दिवशी मी बाबांचं गिऱ्हाईक झाले, आणि ते मला फार लागलं. घरी येऊन पाकीट उघडलं, तर आत पट्टीबरोबर एक श्रीखंडाची गोळी होती. मी लहानपणी दुकानात गेले की ते मला देत ती. मी गादीवर बसून ती चघळत चघळत रडले, आणि नळ सोडायचं लक्षातच राहिलं नाही.

पुढचे दिवस सगुणाचे भारीच गेले. एवढीशी पोर आणि दोन-दोन प्रकारच्या गोळ्या, म्हणून गल्लीनं कडबोळ्यांचं प्रमाण वाढवलं. फ्रिजवरच्या डब्यात दोन पट्ट्या शेजारी शेजारी असायच्या. सुलभाकाकू त्यांच्याकडे बघून उसासा टाकायच्या आणि मला म्हणायच्या, बघ, देवानं तुला धडधाकट ठेवलंय, त्याचे उपकार मान. मी मानायचे. गोळ्यांनी काही जादू झाली नाही. एवढंच, की हळूहळू ओळी वाचल्यावर कळायला लागल्या, आणि एका सकाळी मी आईकडे आणखी पोहे मागितले तेव्हा आई कढई घेऊन तशीच उभी राहिली.

मे महिन्यात सगुणा गेली. स्टेशनवर अख्खी गल्ली आली होती. तिनं आईला मिठी मारली आणि मराठीत म्हणाली, "राजीला वाढ. मला आता पुरे." आई रडत रडत हसली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी सुलभाकाकू दुपारच्या चहाला आल्या. बशीत चहा ओतता ओतता त्यांची नजर फ्रिजवर गेली. सवयीनं त्यांनी उसासा टाकला आणि मग मध्येच थांबल्या.

"शैला, ती सगुणा तर गेली की. मग ह्या गोळ्या कुणाच्या गं?"

मी ओट्यापाशी कप विसळत होते. आईला सांगायला पुष्कळ होतं. सगुणा विसरून गेली, दुकानातून नमुन्याला आल्यात, माझ्याच आहेत, बीपीच्या. यातलं एखादं ती सांगणार हे मी धरून चालले होते, आणि खरं सांगते, मी तिला मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. आईनं बशी खाली ठेवली.

"राजीच्या आहेत," ती म्हणाली. "सगुणाला होतं तेच हिला आहे. आधीपासून होतं. मला कळलं नाही."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. उघड्या दारातून समोरच्या कट्ट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायका दिसत होत्या. त्यांच्या माना आमच्याच बाजूला होत्या. काकू लगबगीनं उठल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हळू बोल बाई, पोरीची जात आहे." आणि दार लावायला निघाल्या.

"राहू दे उघडं, अक्का," आई नेहमीच्या आवाजात म्हणाली. "उकडतंय."